लहान ड्रोनवरील दिवे व कॅमेरा फिल्टर

लहान ड्रोनवरील दिवे व कॅमेरा फिल्टर ही हलक्या, बहुपंखी मानवरहित विमानांना बाहेरून जोडावयाची पूरक साधने होत. दिव्यामुळे ड्रोन चालकाला व आकाशातील इतरांना दिसतो, तर फिल्टर भिंगात शिरणारा प्रकाश घटवतो किंवा त्यातील चकाकी गाळतो. दोन्ही वस्तू स्वस्त व लहान असल्या तरी त्यांच्या वजनामुळे ड्रोनचा समतोल आणि क्वचित त्याचा कायदेशीर गटही बदलतो.

वजन आणि नियम

भारतात २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनुसार वर्गीकरण जोडलेल्या भारासह होणाऱ्या कमाल वजनावरून ठरते. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, तर त्यापुढे २ किलोग्रॅमपर्यंतचा ‘मायक्रो’ गटात मोडतो. नॅनो ड्रोन उडवण्यास रिमोट पायलट प्रमाणपत्र किंवा त्रयस्थ विमा लागत नाही. मायक्रो ड्रोनच्या बाबतीत प्रमाणपत्राची सूट केवळ अव्यावसायिक वापरापुरती आहे. बाजारातील अनेक ड्रोन हेतुपुरस्सर २४९ ग्रॅमचे बनवलेले असतात. अशा ड्रोनवर अवघ्या काही ग्रॅमचा दिवा चिकटवला की तो मायक्रो गटात जातो, आणि मोबदला घेऊन लग्नाचे चित्रण करणाऱ्या छायाचित्रकारास प्रमाणपत्र आवश्यक ठरते. म्हणून बॅटरी, फिल्टर व दिवा यांसह ड्रोन उड्डाणापूर्वी वजनकाट्यावर ठेवून पाहणे श्रेयस्कर. निर्मात्याच्या पत्रकातील आकड्यात नंतर जोडलेल्या वस्तू धरलेल्या नसतात.

सातारा जिल्ह्यातील मलकापूर हे कराडला लागून पुणे–बंगळूर महामार्गावर वसलेले शहर आहे. कराडजवळ विमानतळाची धावपट्टी असल्याने या परिसरात उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरील नकाशात क्षेत्राचा रंग तपासावा लागतो. दिवा लावल्याने या बंधनातून सुटका होत नाही.

दिवे

दिव्यांचे दोन प्रकार आहेत. स्थिर दिवे ड्रोनची दिशा दाखवतात; विमानांप्रमाणे डावीकडे लाल व उजवीकडे हिरवा हा संकेत पाळल्यास ड्रोनचे तोंड कोणीकडे आहे हे दुरून कळते. लुकलुकणारा दिवा टक्कर टाळण्यासाठी असतो. १ डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या भारतीय नियमावलीत, सर्वांत हलक्या गटाची सवलत वगळता, असा दिवा आवश्यक होता. अमेरिकेत संधिप्रकाशात व रात्री तो ३ मैलांवरून, म्हणजे सुमारे ४.८ किलोमीटरवरून दिसावा लागतो. शोभेची रंगीत पट्टी या कसोटीस उतरत नाही.

दिवा स्वतःच्या बॅटरीवर चालणारा असावा. ड्रोनच्या तारांना जोड देणे धोक्याचे असते. तो दुहेरी चिकटपट्टीने किंवा वेल्क्रोने बसवतात. जीपीएस ग्राहकाचा वरचा भाग, पोटाखालील संवेदक, हवेच्या फटी आणि बॅटरीची खटकी मोकळी ठेवावी. एकच दिवा असल्यास तो मध्यरेषेवर आणि दोन असल्यास दोन्ही बाजूंस समान अंतरावर लावतात. भिंगाच्या पुढे दिवा असल्यास त्याची झळाळी चित्रात उतरते.

फिल्टर

चलच्चित्रात हालचाल नैसर्गिक दिसावी म्हणून शटरचा काळ सामान्यतः चौकटीच्या काळाच्या निम्मा ठेवतात. सेकंदाला २५ चौकटी असल्यास १/५० सेकंद. अनेक लहान ड्रोनच्या भिंगाचे छिद्र स्थिर असते. एफ/२.८ छिद्र व आयएसओ १०० असताना लख्ख उन्हात योग्य शटर सुमारे १/३२०० सेकंद येते. ते १/५० वर आणण्यासाठी प्रकाश ६४ पटींनी घटवावा लागतो, म्हणजे एनडी-६४ फिल्टर हवा. पावसाळ्यातील दाट ढगांखाली एनडी-८ पुरतो. स्थिरचित्रासाठी मात्र एनडी फिल्टरची सहसा गरज नसते.

ध्रुवीकरण फिल्टर पाण्यावरील चकाकी कमी करतो, परंतु त्याविषयी अपेक्षा अवास्तव असतात. पाण्यावरील परावर्तन पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करणाऱ्या दृष्टिरेषेत सर्वाधिक ध्रुवित असते. सरळ खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्यास फिल्टरचा जवळपास उपयोग होत नाही. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा व कोयना समोरासमोरून येऊन मिळतात. त्याचे चित्रण करताना कॅमेरा तिरका ठेवूनच चकाकी कापता येते. शिवाय फिल्टर जमिनीवरच फिरवून ठेवावा लागतो, आणि हवेत ड्रोन वळताच परिणाम बदलतो. भिंग विस्तृत कोनाचे असल्यास आकाशात गडद पट्टाही उमटतो.

फिल्टर त्याच प्रतिकृतीसाठी बनवलेलाच घ्यावा. कॅमेरा तोलणाऱ्या गिंबलच्या मोटारी अत्यंत नाजूक असून पुढील बाजूचे थोडेसे जादा वजनही त्यांना ताण देते. एकावर एक दोन फिल्टर चढवल्यास चित्र थरथरते. ड्रोन बंद असताना गिंबल हलकेच धरून फिल्टर बसवावा व नंतरच वीज सुरू करावी, कारण सुरुवातीच्या स्वतपासणीत गिंबल पूर्ण फिरतो.

कृष्णाकाठच्या ऊसपिकाचे आरोग्य तपासण्यासाठी हे फिल्टर निरुपयोगी आहेत. त्यासाठी लाल व अवरक्त प्रकाश स्वतंत्रपणे मोजणारा बहुवर्णपटीय कॅमेरा लागतो. सामान्य कॅमेऱ्याच्या संवेदकापुढील काच अवरक्त किरण आधीच अडवते.