रतनपूरची माई आणि मनाचे दुखणे

मराठ्यांच्या इतिहासात रतनपूर हे नाव येते ते १७०५ च्या सुमारास धनाजी जाधवांच्या फौजांनी तेथे मोगलांचा जो पराभव केला त्यामुळे. नर्मदेच्या दक्षिणेस, जुन्या राजपिपळा संस्थानात आणि आजच्या भरूच जिल्ह्यात हे गाव आहे. जवळच अकीकाच्या जुन्या खाणी असून त्या डोंगरावर बाबा घोर ऊर्फ गोरी पीर यांचा दर्गा आहे. लढाईचा उल्लेख आपण करतो. दर्ग्याचा इतिहास मात्र सहसा वाचनात येत नाही. वास्तविक मनाच्या दुखण्यावर आणि विशेषतः आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांच्या दुःखावर उपचार कसे व्हावेत, या आजच्या प्रश्नावर तो पुष्कळ प्रकाश टाकतो.

सिद्दी म्हटले की मराठी वाचकाला जंजिरा आठवतो, फार तर मलिक अंबर. परंतु ते सत्ताधारी हबशी. गुजरातेतील बहुसंख्य सिद्दींचे पूर्वज खलाशी, शिपाई, नोकर किंवा गुलाम म्हणून आले. त्यांतील स्त्रिया कोणाच्या तरी घरी दासी म्हणून राबल्या. गाव, भाषा, नातीगोती सारे सुटलेल्या या माणसांनी बाबा घोर, त्यांचा भाऊ बाबा हबश आणि बहीण माई मिस्रा यांच्याभोवती आपले नवे कूळ उभे केले. आख्यायिका अशी की, येथील एका राक्षसीशी लढणे पुरुषाला शोभणारे नव्हते, म्हणून ते काम बहिणीने केले. आजही पछाडलेल्या, संतती नसलेल्या, जीव घाबरा होणाऱ्या स्त्रियांचे गाऱ्हाणे माईकडे जाते. त्यांत केवळ सिद्दी नसतात. हिंदू आणि इतर मुसलमान स्त्रियाही असतात.

सिद्दींच्या नृत्याला धमाल किंवा गोमा म्हणतात. हा शब्द पूर्व आफ्रिकेतील ‘न्गोमा’ या शब्दाचे रूप आहे. तेथे त्याचा अर्थ ढोल, नृत्य आणि अनेक ठिकाणी ढोलाच्या साथीने होणारा रोगनिवारणाचा विधी असाही होतो. करवंटीच्या खुळखुळ्याला सिद्दी ‘माई मिस्रा’च म्हणतात. भाषा विसरली गेली, पण दुःख समूहात बसून हलके करण्याची रीत समुद्र ओलांडून टिकली. हेलेने बसू या जर्मन मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने या परंपरेचा दीर्घ अभ्यास केला आहे.

याउलट आधुनिक शास्त्राचा इतिहास पाहावा. अमेरिकेत १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टराने गुलामांच्या पळून जाण्यालाच एक मनोविकार ठरवले. दुःखाचे कारण गुलामगिरीत होते. निदान मात्र गुलामाच्या डोक्याचे झाले. या अविश्वासाची मुळे इतकी खोल गेली की, १९६८ मध्ये तेथील कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांना स्वतःची वेगळी संघटना काढावी लागली. कृष्णवर्णीय स्त्री म्हणजे सारे सोसणारी, खंबीर, अशी जी प्रतिमा समाजाने घडवली, तिच्यामुळे ती मदत मागत नाही आणि मागितली तरी तिचे ऐकले जात नाही, असे तेथील समुपदेशक सांगतात. ‘सोशीक’ या शब्दाचे कौतुक करणाऱ्या आपल्याला हे समजावयास कठीण नसावे.

मार्टिनिक बेटावर जन्मलेले फ्रान्झ फॅनन हे १९५३ मध्ये अल्जीरियातील ब्लिदा येथील रुग्णालयात रुजू झाले. तेथे समारंभ, करमणूक, वृत्तपत्र असे सामूहिक उपचार त्यांनी सुरू केले. युरोपीय स्त्रियांना त्यांचा गुण आला, स्थानिक मुसलमान पुरुषांना आला नाही. फॅनन यांनी दोष रुग्णांना दिला नाही. उपचाराचीच तऱ्हा बदलली. कॉफीघर उघडले, त्यांचे सण साजरे केले, कथेकऱ्याला बोलावले.

म्हणून दर्गाच पुरेसा आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांत जखडलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. अपस्मार किंवा तीव्र मनोविकार ढोलाने बरा होत नाही; त्याला औषधच लागते. साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने स्पष्ट मनाई केली, हे योग्यच झाले. पण साखळी तोडणे वेगळे आणि आधार तोडणे वेगळे. पुण्याच्या भार्गवी दावर यांनी महाराष्ट्रातील दर्ग्यांचा अभ्यास करून हाच भेद मांडला होता. मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुवा’ या नावाने मुजावर आणि मनोविकारतज्ज्ञ यांची सांगड घालण्याचा प्रयोग झाला. दुव्यासाठी आलेल्या माणसाला मुजावरानेच दवेकडे धाडावे, ही त्यातील कल्पना.

उद्या रतनपूरच्या परिसरातील एखादी सिद्दी मुलगी बडोद्याच्या रुग्णालयात येईल. रंगावरून आणि केसांवरून शाळेत झालेली हेटाळणी ती पहिल्या भेटीत सांगणार नाही. कदाचित माई अंगात आल्याचे सांगेल. समोरच्या समुपदेशकाला माई कोण हे ठाऊक असेल, तर बोलणे पुढे जाईल. नसेल, तर केसपेपरावर एका लक्षणाची नोंद होईल आणि ती मुलगी पुन्हा येणार नाही. इतिहासाचे ज्ञान येथे शोभेचे राहत नाही. ते उपचाराचाच भाग होते.