वेबपत्ता आणि शहराचे नामांतर

वेबपत्ता म्हणजे महाजालावरचे एखादे पान कोणत्या संगणकाकडून आणि कसे मागवायचे, हे सांगणारी ओळ. तिच्यात संवादाचा नियम (एचटीटीपीएस), डोमेन आणि तिरक्या रेघेपुढचा पानाचा मार्ग येतो. डोमेनमधला अधिकार उजवीकडून डावीकडे उतरतो. ‘छत्रपतीसंभाजीनगर डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ या जिल्हा संकेतस्थळाच्या पत्त्यात आधी देश, मग शासन, मग राज्य आणि शेवटी जिल्हा. संगणकाला हवा असतो अंकी आयपी क्रमांक. नावावरून तो शोधून देणारी डीएनएस यंत्रणा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. तिच्यामुळे सर्व्हर बदलला तरी नाव तेच राहते. नावच बदलले, तर मात्र जुन्यावरून नव्याकडे वाट मुद्दाम करून द्यावी लागते.

औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर करण्यास केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये संमती दिली. जिल्ह्याचा आधीचा पत्ता ‘औरंगाबाद डॉट गव्ह डॉट इन’ तोवर पत्रकांत, प्रबंधांत, इतर संकेतस्थळांवर पसरलेला होता. असे जुने पत्ते बंद न करता नव्या पत्त्याकडे कायमचे वळवणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. सर्व्हरने ‘३०१’ हा संकेत दिला की ब्राउझर आपोआप नव्या पानावर जातो. जुने नाव त्यामुळे चालूच राहील, हा आक्षेप टिकत नाही. वाचकाला शेवटी दिसतो तो नवाच पत्ता. शोधयंत्रावर सगळे सापडते, असेही म्हटले जाते. पण शोधयंत्र आजचे पान दाखवते. संदर्भटीपेत नोंदवलेला नेमका दस्तऐवज त्यातून मिळेलच असे नाही. शिवाय ‘ऑर्ग’ किंवा ‘कॉम’मधल्या नावाचे नूतनीकरण थांबले, तर ते कोणीही विकत घेऊ शकतो आणि मालमत्ता कर भरायला आलेला नागरिक भलत्याच्या दारात पोचतो. ‘गव्ह डॉट इन’ शासकीय संस्थांनाच मिळते, म्हणून तिथे हा धोका बराच कमी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या ‘बामू डॉट एसी डॉट इन’ या पत्त्याला शहराच्या नामांतराची झळ लागली नाही, कारण त्यात शहराचे नावच नाही. तेवढ्याने सगळे भागत नाही. डोमेन तेच ठेवून संकेतस्थळाची नवी मांडणी केली आणि पानांचे मार्ग बदलले, तरी जुने दुवे तुटतातच. संकेतस्थळाचे कंत्राट देताना जुन्या-नव्या पत्त्यांचा तक्ता आणि जुन्या डोमेनच्या नूतनीकरणाची अट संस्थांनी लेखी घालावी.