शिष्यवृत्तीचा कागद : बडोद्यापासून कोरपन्यापर्यंत

मंडळी, समोर पदवीची मुलं-मुली बसली आहेत आणि मागे त्यांचे आईवडील. सुरुवातीलाच सांगून टाकतो, फॉर्म कसा भरायचा ते आज सांगणार नाही. त्यासाठी आपण रविवारी बसतोच. आम्ही काही शिक्षक-मित्र गेली काही वर्षं या भागातल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे, फेलोशिपचे अर्ज भरायला मदत करतो. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पैसा असतो, हुशार पोरगंही असतं, पण दोघांची गाठ पडत नाही. ही गाठ पूर्वी कशी पडायची, कोण घालून द्यायचं, हा आजचा विषय.

सुरुवात मुंबईच्या चर्नी रोडच्या बागेतून करू. शाळा सुटल्यावर तिथे एक मुलगा वाचत बसायचा. विल्सन हायस्कूलमधले एक शिक्षकही तिथे येत, कृष्णराव अर्जुन केळुसकर. त्यांनी त्या मुलाची चौकशी केली, पुस्तकं दिली. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराची सभा भरली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. हे आपल्याला शाळेत सांगतात. त्यापुढचं कमी सांगतात. कॉलेजच्या खर्चाला वडील पुरे पडेनात, तेव्हा केळुसकरांनीच पुढाकार घेऊन त्याची गोष्ट सयाजीराव गायकवाडांच्या कानावर घातली, आणि महिना २५ रुपये सुरू झाले. भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले ते त्या पैशावर.

केळुसकर नसते तर? असे प्रश्न इतिहासात विचारू नयेत म्हणतात. आम्ही विचारतो. कारण सयाजीरावांची तिजोरी तर तेव्हाही भरलेली होती आणि मुलगाही तितकाच हुशार होता. मधला माणूस सापडला म्हणून पुढचं झालं.

१९१३ ची शिष्यवृत्ती मोठी. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, कोलंबिया विद्यापीठ. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील गेले होते. ४ जून १९१३ रोजी बडोद्यात करारावर सही झाली : ठरलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. म्हणजे बॉण्ड. जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. १९१६ मध्ये लंडनला गेले, पण मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. करार पाळायला बडोद्याला गेले तर गावात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकललं. पोरांनो, हा भाग नीट ऐका. शिष्यवृत्तीनं डिग्री दिली होती, त्याच संस्थानाच्या राजधानीत छप्पर दिलं नाही. लंडनचा उरलेला अभ्यास त्यांनी १९२० मध्ये पुन्हा सुरू केला तो सिडनेहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज यांवर. दुसऱ्या खेपेला कुठला फॉर्म नव्हता.

हे सगळं भोगलेला माणूस १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेला. त्यांनी सरकारपुढे जी गाऱ्हाणी मांडली त्यांत उच्च शिक्षणाचा पैसा हे एक होतं. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद. १९४८-४९ मध्ये ती आदिवासी विद्यार्थ्यांना लागू झाली. परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय योजना १९५४-५५ ची. तुम्ही आज महाडीबीटीवर जो अर्ज भरता त्याचं मूळ तिथे आहे. राजाच्या मर्जीतून मिळणारी गोष्ट हक्काची झाली. आमच्या मते, या देशातल्या शिक्षणाच्या इतिहासात एवढा मोठा बदल दुसरा नाही. कुणाचं मत वेगळं असेल तर नंतर बोलू.

आता आपल्या मातीकडे या. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, हे इथल्या घराघरांत माहीत आहे. पण त्या दिवशी कोरपना कुठे होतं? वर्धा नदीच्या अलीकडचा हा सगळा राजुरा तालुका तेव्हा हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. दोन आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्याच्या नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. कोरपना, जिवती हे तालुके त्यानंतरचे. तीन-चार वर्षांत गाव जागचं हललं नाही, पण जिल्हा दोनदा बदलला आणि राज्यही बदललं.

त्या निजामी राज्यातही शिष्यवृत्त्या होत्याच. १८९५ मध्ये सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, निजामाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकायला गेल्या. त्यांच्या वडिलांनी हैदराबादचं निजाम कॉलेज उभं केलं होतं. घरातच वाट ठाऊक होती. त्याच राज्याच्या या टोकाला, आदिलाबादच्या जंगलात, जमिनीसाठी लढणाऱ्या कुमराम भीमूंना १९४० मध्ये जोडेघाटला गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर सरकारला जाग आली. हायमेनडॉर्फ नावाचे मानवशास्त्रज्ञ अभ्यासाला पाठवले गेले आणि १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र निघालं. एकाच राज्यात एका मुलीला लंडन आणि दुसरीकडे स्वतःच्या भाषेतला पहिला मास्तर मिळायला पन्नास वर्षं अधिक. हे अंतर मार्कांचं नव्हतं.

आता रविवारी आमच्या टेबलावर काय येतं ते सांगतो. आदिवासी मुलाला जातवैधता हवी असेल तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधी आपलं कुटुंब इथलंच होतं हे दाखवावं लागतं. पैनगंगेपलीकडे वणीत किंवा वर्धेपलीकडे बल्लारपुरात जुनी नोंद कोतवाल बुकात शोधतात. इथे त्या तारखेला निजामाचा कारभार नुकताच संपला होता आणि जुनं दप्तर उर्दूत होतं. आजोबाचा कागद असलाच तर आदिलाबाद-आसिफाबादकडे, नाहीतर हैदराबादला. २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली तेव्हा निजामकालीन कागदांची चर्चा साऱ्या महाराष्ट्रानं ऐकली. राजुरा-कोरपन्याचा माणूस हा ताप फार आधीपासून भोगतो आहे, त्याच्यासाठी कुणी हैदराबादला गेलं नाही.

बंजारा घरांचं तर आणखी अवघड. सीमेच्या पलीकडे तेलंगणात लंबाडा १९७६ च्या कायद्यानं अनुसूचित जमातीत गेले, अलीकडे ते विमुक्त जातीत मोडतात आणि पुराव्याची तारीखही वेगळी, २१ नोव्हेंबर १९६१. सख्खी मामे-आत्येभावंडं दोन वेगळे फॉर्म भरतात. जिवतीच्या डोंगरावरच्या डझनभर गावांवर तर दोन्ही राज्यांचा दावा आहे. त्या पोरानं ‘अधिवास’ या रकान्यात काय लिहावं, तुम्हीच सांगा.

हे झालं हक्काच्या शिष्यवृत्तीचं. चढाओढीच्या शिष्यवृत्तीत, म्हणजे राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, चेव्हनिंग, कॉमनवेल्थ वगैरेंत, कागद वेगळे लागतात. विद्यापीठाचा प्रवेश, एसओपी, शिफारसपत्रं. शिफारसपत्राची गंमत बघा. ज्यांनी शिकवलं ते सर तासिका तत्त्वावर होते, मार्चमध्ये त्यांचं काम संपलं. ऑक्टोबरात पत्र मागायला जावं तर सर कुठल्या गावी आहेत ते माहीत नाही, आणि कॉलेजचा ईमेल त्यांना कधी मिळालाच नव्हता. एसओपीचा अडसर निराळाच. इथली पोरं लिहितात, ‘आम्ही गावात वाचनालय काढलं, आम्ही सर्व्हे केला.’ तपासणाऱ्याला विचारायचं असतं, तू काय केलंस? एका कोलाम मुलीला आम्ही तीन रविवार सांगत होतो की ‘मी’ लिही. ती म्हणाली, सर, एकटीनं केलंच नाही तर कसं लिहू? आम्हाला उत्तर सुचलं नाही. शेवटी तिनं लिहिलं की काम दहा जणींचं होतं, त्यातला नकाशा मी काढला. तोच परिच्छेद त्या अर्जातला सगळ्यात चांगला होता.

बुलढाणा जिल्ह्यातल्या राजू केंद्रे यांनी एकलव्य नावाचं काम उभं केलं, ते स्वतः चेव्हनिंग घेऊन लंडनच्या सोआसला शिकून आले. पहिल्या पिढीतल्या मुलांना मोठ्या विद्यापीठांची वाट दाखवायची, एवढंच ते काम. चर्नी रोडच्या बागेत केळुसकर तेच करत होते. फरक इतकाच की आता बागेत एक मुलगा नसतो, शेकडो असतात.

मागे बसलेल्या मायबापांना एक विनंती. घरात जुनी पेटी असेल, पत्र्याची किंवा लाकडी, ती उघडा. उर्दूतला कागद दिसला तर रद्दीत टाकू नका. मागच्या पावसाळ्यात राजुऱ्याचा पूल पाण्याखाली होता आणि अर्जाची मुदत संपायला चार दिवस होते. तेव्हा एका मुलानं प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला असा कागद आणला. घरात कुणाला वाचता येत नव्हता. आम्ही तो एका निवृत्त मास्तरांकडे नेला. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाला धरला, पणजोबाचं नाव वाचलं, गाव वाचलं आणि पुढच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘इथं गोंड लिहिलंय बघ.’ मुलानं तो शब्द मोबाइलवर तीनदा फोटो काढून घेतला. प्रकरण समितीपुढे आहे, निकाल यायचा आहे.

येत्या रविवारी ते मास्तर आपल्याकडे येणार आहेत. सकाळी दहाला. कागद घेऊन या.