मधला ट्रान्सफॉर्मर

जर्मेनियमचा जुना सहा-ट्रान्झिस्टरी रेडिओ उघडला, की शिकाऊ पोरं हमखास विचारतात, "काका, हा मधला ट्रान्सफॉर्मर कशाला? कपॅसिटरवर भागलं असतं की!" उत्तर वॉल्व्हच्या काळापासून सांगावं लागतं.

वॉल्व्हची ग्रिड करंट जवळजवळ घेतच नाही. अर्ध्या-एक मेगओहमचा रेझिस्टर, मध्ये कपॅसिटर, झाली स्टेज जोडून. पुढे कोणी जोडलंय याचा मागच्या वॉल्व्हला पत्ताही नसे.

डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅबमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. पुढे त्याचे रेडिओ बनू लागले आणि ती चैन संपली, कारण ट्रान्झिस्टरच्या बेसला करंट द्यावाच लागतो. ओसी ७१ घ्या. एमिटरमध्ये एक मिलिअँपिअर, बीटा (करंट गेन) पन्नास धरला, तर बेसकडून दिसतात जेमतेम १.३ किलोओहम. मागच्या स्टेजचा कलेक्टर रेझिस्टर समजा ४.७ किलोओहम. ती एकटी असताना कागदावर १८० पट गेन. पुढची जोडली की हे दोन्ही समांतर, आणि हाती उरतो सुमारे ४० पट. भरला पगार सावकारानं फाटकातच गाठावा, तसं.

१९५४ मध्ये अमेरिकेत रीजन्सी टीआर-१ आला. किंमत ४९.९५ डॉलर, आत ट्रान्झिस्टर चारच. ते महाग, तेव्हा गेन उधळून चालणार कसं? म्हणून आयएफटीच्या, म्हणजे इंटरमिजिएट फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मरच्या, सेकंडरीला वेढे कमी ठेवत. चारास एक प्रमाण घेतलं, तर वर्गानं सोळापट: १.३ किलोओहम मागच्या स्टेजला वीसएक भासतात. सहा-ट्रान्झिस्टरी संचातला तो मधला, म्हणजे ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर हेच काम करी, वर पुश-पुल जोडीला उलटसुलट सिग्नलही पुरवी. इवल्याशा गाभ्यावर केसासारख्या तारेचे वेढे! माझ्या मते त्या संचातली खरी कारागिरी तिथेच होती.

१९५६ मध्ये आरसीएच्या लिन यांनी ट्रान्सफॉर्मरविना आउटपुट स्टेज मांडली. मग सिलिकॉन आलं. बीसी १४८ सारख्यांचा बीटा शेकड्यांत, बेसचा भार हलका. शिवाय ट्रान्झिस्टर इतके स्वस्त, की गेन घटला तर आणखी एक स्टेज लावा. ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर गेला. आयएफटी मात्र टिकली, कारण तिच्याकडे ट्यूनिंगचंही काम होतं.

तेव्हा जुना संच हाती आला, तर तो ट्रान्सफॉर्मर उपटून तिथे कपॅसिटर डकवू नका. वेढे तुटले असतील, तर त्याच प्रमाणात भरून घ्या.