कातीव खांबांमागचे हात

जुन्या वाड्यातल्या कातीव खांबांचे आपण तोंड भरून कौतुक करतो. पण ते कातणाऱ्या कातारी मंडळींची आठवण कितीजणांना होते? शाळेत सुतारकामाच्या तासाला हाती धरलेली पटाशी मी पेन्शनीत निघाल्यावर पुन्हा उचलली, आणि या विद्येच्या पूर्वजांचा शोध घेण्याचा नादच मला लागला.

विद्या फार जुनी. इजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यात इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराचे एक कोरीव चित्र आहे. त्यात एकजण दोरी ओढून लाकूड फिरवतो, दुसरा त्यावर हत्यार धरतो. दोरी मागे गेली की लाकूड उलटे फिरे. म्हणजे काप घ्यायचा तो अर्ध्याच वेळी! पुढे पायाने फिरवण्याची सोय झाली, मग वीज आली. तत्त्व मात्र तेच राहिले. लाकडाने फिरायचे, हाताने स्थिर राहायचे.

गंमत अशी, की ज्या कामावर गरिबाची चूल पेटे, त्याचाच छंद राजेरजवाड्यांना जडला. रशियाचा झार पीटर लढाया नि राज्यकारभार यांतून वेळ काढून लाकूड आणि हस्तिदंत कातीत बसे. १७१२ साली आंद्रेई नार्तोव्ह या कसबी कारागिराला त्याने आपल्या पदरी आणले. त्याआधी, १७०१ साली, फ्रान्समधल्या लिआँ शहरी शार्ल प्ल्युमिए या ख्रिस्ती संन्याशाचा या कलेवरील सचित्र ग्रंथ निघाला होता. हा गृहस्थ वनस्पतिशास्त्राचाही जाणकार. आपल्या देवळापुढच्या पांढऱ्या चाफ्याला शास्त्रात ‘प्लुमेरिया’ म्हणतात, ते याच्याच नावावरून!

आपल्याकडे सावंतवाडीच्या लाखकामाला राजवाड्याचा आधार मिळाला. विसाव्या शतकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी गंजिफांबरोबर या कामालाही नवे जीवन दिले. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवावी, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळावी आणि लाकडावर रंग चढत जावा, हे पाहणे मोठे सुखाचे असते.

पण एक गोष्ट मनात सलते. माझे लाटणे बिघडले तर ते बंबात जाते आणि मी चहा घेतो. कातारीचे बिघडले, तर त्याची मजुरी बुडे. छंद आणि धंदा यांत अंतर एवढेच, पण केवढे! झारचे नाव इतिहासात राहिले, प्ल्युमिएचे फुलात राहिले. आमचा कातारी मात्र आपल्या कामाखाली नाव न घालताच गेला.

तेव्हा वाचकहो, यंदा करंजीची पारी लाटताना हातातले लाटणे क्षणभर फिरवून पाहा. त्याची गोलाई बोटांना जाणवली, म्हणजे त्या अनामिकाची दिवाळी साजरी झाली.