रोखलेला श्वास : बडोदे ते एल्बा

२३ नोव्हेंबर १९७६ रोजी इटलीतील एल्बा बेटालगतच्या समुद्रात झाक मायोल हा ४९ वर्षांचा फ्रेंच पाणबुड्या एकाच श्वासावर १०० मीटर खोल जाऊन सुखरूप वर आला. पाठीवर हवेची टाकी नव्हती. मायोल योगाभ्यासी होता. अशी हकीकत ऐकली की ‘हे तर आमच्या ग्रंथांत पूर्वीच आहे’ असे म्हणण्याचा मोह आपल्याला होतो. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. अभिमान बाळगावयाचाच, तर ग्रंथांतील क्रिया प्रयोगाच्या मेजावर मांडणाऱ्या पुरुषाचा बाळगावा. आणि तो पुरुष बडोदे राज्यात जन्मलेला होता.

पाण्यात दर १० मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो. १०० मीटरवर तो अकरापट होतो आणि छातीतील हवा आकसून अकराव्या हिश्शावर येते. म्हणूनच ५० मीटरच्या खाली माणसाची छाती चेपून जाईल, असे एके काळी काही शरीरशास्त्रज्ञ मानीत. १९६१ मध्ये इटलीच्या एन्झो मायोर्काने ती मर्यादा ओलांडली. खोलवर छातीतील रक्तवाहिन्या रक्ताने भरतात व आकसलेल्या हवेची जागा काही अंशी घेतात, हे पुढे उमगले. तरीही बरगड्या व श्वासपटल लवचीक असावेच लागतात. त्यासाठी आजचे पाणबुडे जमिनीवर एक अभ्यास करतात : श्वास पूर्ण सोडावा, कंठद्वार मिटावे आणि हवा आत न घेता छाती फुलवावी. पोट आपोआप आत, वर ओढले जाते. हाच आपला उड्डियान बंध. तेही त्याला याच नावाने ओळखतात.

या बंधाची पहिली शास्त्रीय तपासणी करणाऱ्यांत जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, अग्रणी होत. जन्म १८८३, डभोई येथे. बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात ते व्यायाम शिकले, तर नर्मदाकाठी मालसर येथे माधवदासजींपाशी योग. गुरूंवर पूर्ण श्रद्धा असतानाही १९२० च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात उड्डियान व नौली यांची क्ष-किरणांनी पाहणी केली. नौलीत मोठ्या आतड्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो, म्हणून पाणी आत खेचले जाते, हे त्यांनी दाबमापकाने दाखविले. या अंशतः पोकळीला त्यांनी गुरूंचेच नाव दिले. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम उभे राहिले आणि ‘योगमीमांसा’ नियतकालिकातून हे प्रयोग जगापुढे आले. श्रद्धेने शंकेची वाट अडविली नाही, हे आम्हांस या चरित्रातील मोलाचे वाटते.

त्यांचा आणखी एक निष्कर्ष आपल्या घरोघरच्या समजुतीला धक्का देणारा आहे. प्राणायामाचे महत्त्व जास्त प्राणवायू मिळण्यात नाही, असे ते सांगत. पाणबुड्यांच्या जगात हाच मुद्दा जीवनमरणाचा ठरतो. श्वास घेण्याची तळमळ मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते. बुडी घेण्यापूर्वी भराभर श्वासोच्छ्वास केला, तर रक्तातील प्राणवायू फारसा वाढत नाही; कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. म्हणजे धोक्याची घंटाच बंद होते. पोहणाऱ्याला सारे ठीक वाटत असतानाच त्याची शुद्ध हरपते, तीही पाण्याखाली. चांगले पोहणारेही असे गेले आहेत. म्हणून जाणते पाणबुडे श्वास रोखण्याचा सराव पाण्यात कधीही एकट्याने करीत नाहीत. जवळ प्रशिक्षित सोबती असतोच.

प्राण हळूहळू वश करावा, घाई साधकाचाच घात करते, असा इशारा ‘हठप्रदीपिके’नेही दिला आहे. विहिरीत किंवा तलावात पैजेने बुड्या मारणाऱ्या आपल्या मुलानातवंडांना परंपरेचा गौरव सांगण्याआधी हा इशारा सांगावा, आणि त्यामागचे शरीरशास्त्रही समजावून द्यावे. कुवलयानंदांचा वारसा चालविणे म्हणजे आमच्या मते हेच.