होळकरांची ड्युसेनबर्ग : घ्यावी की राखावी?

थ्रेड :

कुपवाडच्या एमआयडीसीत चहाच्या टपरीवर मोटारवेड्यांचा वाद नेहमीचाच : स्पोर्ट्स कार नवी घ्यावी, की हाती असलेली जपावी? हाच प्रश्न एका मराठी राजघराण्याच्या मोटारीला लावून पाहू.

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे (१९०८–१९६१). ऑक्सफर्डचे शिक्षण, आधुनिक युरोपीय कलेची जाण, माणिकबागेसारखा राजवाडा. १९३०च्या दशकाच्या मध्यास त्यांनी अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या ड्युसेनबर्ग एसजेचा सांगाडा घेतला आणि त्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून नारिंगी-काळी स्पीडस्टर बॉडी बांधवून घेतली. एका ओळीत ८ सिलिंडर, ६.९ लिटर, सुपरचार्जर. कंपनीच्या दाव्यानुसार ३२० अश्वशक्ती. तत्कालीन माळव्याच्या रस्त्यांवर ही ताकद वापरायची कुठे, हा प्रश्न उरतोच. शिवाय संस्थानिकांच्या हौसेमागे प्रजेचा महसूल असे, हेही विसरता येत नाही.

माझ्या मते खरी कसोटी खरेदीनंतरची. १९३७ मध्ये ड्युसेनबर्ग बंद पडली. मग सुटे भाग आणायचे कोठून? पुढे महायुद्धातील पेट्रोलटंचाई, १९४८ मध्ये संस्थानाचे मध्य भारतात विलीनीकरण, १९७१ मध्ये तनखे रद्द. जुन्या मोटारी पोसणे अनेक घराण्यांना परवडेना आणि परदेशी संग्राहक तर दारात उभेच होते. सरकारने १९७२ मध्ये निर्यातबंदी आणली, तोवर कितीतरी गाड्या जहाजांवर चढून गेल्या होत्या.

होळकरांची ती ड्युसेनबर्ग आज अमेरिकेत आहे. माणिकबाग मात्र इंदुरातच आहे. तिथे केंद्र सरकारच्या करखात्याचे कार्यालय भरते.